सुरतेत काँग्रेस फुटली, पण स्वराज्य कुणाचं?

सुरत म्हटली की आपल्याला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. मला त्याच शहरातला डिसेंबर १९०७ जास्त विचारात पाडतो. तापीकाठच्या त्या काँग्रेस अधिवेशनात रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदावरून वाद पेटला, टिळक बोलायला व्यासपीठावर गेले आणि मंडपात जोडा भिरकावला गेला. खुर्च्या उडाल्या, मवाळ-जहाल वेगळे झाले. भांडणाचं मूळ होतं स्वराज्य, बहिष्कार, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण हे १९०६ चे कलकत्त्याचे ठराव टिकणार की पातळ होणार, यात.

पण स्वराज्य आल्यावर राबणाऱ्याच्या हाती काय पडणार?

कार्ल मार्क्सने १८५३ साली 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'मध्ये हिंदुस्थानावर लेख लिहिले. इंग्रज जुनी घडी मोडताहेत, रेल्वे आणताहेत, पण त्याची फळं हिंदी लोकांना सहज मिळणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी एक तर विलायतेतला कामगार सत्तेवर यायला हवा किंवा हिंदी लोकांनी स्वतः परकं जोखड झुगारायला हवं. जुन्या समाजाबद्दलची त्याची काही मतं आज पटत नाहीत. पण निव्वळ राज्यकर्ता बदलणं म्हणजे मुक्ती नव्हे, ही त्याची खूण पक्की आहे.

जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, गोळीबारात माणसं मेली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या शेजारचेच, पुष्कळ होते. टिळक काही मार्क्सवादी नव्हते आणि देशात तेव्हा कम्युनिस्ट पक्षही नव्हता. तरीही दूर बसलेल्या लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेतली. हिंदुस्थानचा कामगार आता राजकारणात उतरला, हे त्याने ओळखलं. सुरतेत पुढाऱ्यांनी मांडलेला प्रश्न सात महिन्यांनी गिरणगावाने आपला केला.

आम्हा गोंयकारांना हे वेगळं सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले, पण भाटकार तिथेच होता! १९६४ चा कुळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यावे लागले. मी कारकून माणूस. कागदावरच्या 'कूळ' आणि 'मुंडकार' या दोन शब्दांमागे किती पिढ्यांचा घाम आहे, ते फायली चाळताना जाणवतं. परकी सत्ता जाणं ही स्वातंत्र्याची पहिली पायरी. पायाखालची जमीन आणि डोक्यावरचं छप्पर आपलं होणं, ही दुसरी. पहिलीचा उत्सव आपण दरवर्षी करतो. दुसरीची तारीख मात्र घराघरांत वेगळी आहे, आणि काही घरांत ती अजून यायची आहे.