न संपलेला सप्टेंबर : युझनेटच्या स्वराज्याची गोष्ट

१/१२
इंटरनेटच्या इतिहासात एक महिना असा आहे, जो १९९३ साली सुरू झाला आणि अद्याप संपलेला नाही, असे जुनी मंडळी थट्टेने म्हणतात. या थट्टेमागे एक गंभीर प्रश्न आहे. ज्या वस्तीला राजा नाही आणि राजधानीही नाही, तिथे शिस्त कोण लावणार? आजचा धागा युझनेटविषयी.

२/१२
साल १९७९. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन विद्यार्थी शिकत होते. अर्पानेट हे तेव्हाचे मोठे जाळे संरक्षण खात्याच्या पैशावर चाले आणि त्यात मोजक्याच संस्थांना प्रवेश असे. या दोघांनी साध्या टेलिफोन तारांवर चालणाऱ्या जाळ्याची कल्पना मांडली. जवळच्याच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन याने त्याची पहिली आज्ञावली लिहिली. १९८० मध्ये युझनेट लोकांपुढे आले.

३/१२
याची रचना विलक्षण होती. एका संगणकावर लिहिलेला मजकूर फोनवरून दुसऱ्या संगणकाकडे जाई, तिथून तिसऱ्याकडे, जसा दवंडीचा निरोप गावोगाव पोचावा तसा. सर्वांवर हुकूम चालवणारा मध्यवर्ती संगणक नव्हताच. कोणते विषयगट आपल्याकडे ठेवायचे, हे त्या त्या ठिकाणचा व्यवस्थापक ठरवी, कारण फोनचे बिल त्याच्याच संस्थेला भरावे लागे.

४/१२
म्हणजे नियंत्रण होते, पण ते अनेक हातांत विभागलेले होते. काही गटांत प्रत्येक मजकूर आधी मॉडरेटरकडे जाई आणि त्याने पसंत केल्यावरच प्रसिद्ध होई. लॅरी वॉलने १९८४ मध्ये तयार केलेल्या वाचन-आज्ञावलीत ‘किलफाइल’ची सोय होती. नको असलेले विषय वा लेखक वाचक स्वतःपुरते गाळू शके. नवख्यांसाठी वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची टिपणे नियमितपणे प्रसिद्ध होत.

५/१२
गट वाढले तशी जुनी नावे अपुरी पडू लागली. १९८६-८७ मध्ये सर्व गटांची सात शाखांत फेरमांडणी झाली : संगणक, विज्ञान, समाज, करमणूक, वादचर्चा इत्यादी. हा निर्णय मुख्यतः मोठ्या, खर्चिक दुवे सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांनी घेतला. लोक त्यांना ‘बॅकबोन कबाल’ म्हणत. त्यांना कोणी निवडून दिले नव्हते. भार वाहणारा तोच कारभारी, असा तो न्याय होता.

६/१२
या न्यायाला विरोध होणे स्वाभाविक होते. १९८७ मध्ये ब्रायन रीड, जॉन गिलमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑल्ट’ ही स्वतंत्र शाखा काढली. कबालच्या संमतीविना तिथे गट काढता येत. कबालने बंडखोरांना हाकलले नाही, कारण हाकलण्याचे साधनच कोणाकडे नव्हते. ज्यांना हवे त्यांनी ‘ऑल्ट’ आपल्या संगणकावर घेतले, इतरांनी घेतले नाही.

७/१२
मुख्य शाखांत पुढे मतदानाची प्रथा रुजली. नव्या गटासाठी आधी चर्चा होई, मग मतदान. विरोधापेक्षा बाजूने किमान १०० मते अधिक हवीत आणि एकूण मतांपैकी दोनतृतीयांश अनुकूल हवीत, असा दंडक होता. भारतीयांचा ‘सॉक.कल्चर.इंडियन’ आणि मराठी भाषकांचा ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हे गट याच समाज-शाखेतले.

८/१२
आता सप्टेंबर. दरवर्षी या महिन्यात अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, काही आठवडे गोंधळ घालत आणि जुन्यांच्या टोमण्यांतून रीत शिकत. त्यांचा व्यवस्थापक ओळखीचा असे, त्याच्याकडे तक्रार केली की कान पिळला जाई. १९९३ पासून व्यापारी सेवांचे ग्राहक येऊ लागले. १९९४च्या आरंभी अमेरिका ऑनलाइनने आपल्या ग्राहकांना दार उघडून दिले. लोंढा थांबेचना. सप्टेंबर कायमचा झाला.

९/१२
त्याच वर्षी १२ एप्रिलला ॲरिझोनातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात हजारो गटांत टाकली, विषय कोणताही असो. संतापाचा भडका उडाला, सेवादात्याने त्यांचे खाते बंद केले. त्यांना मात्र पश्चात्ताप नव्हता. अशा जाहिरातींतून पैसा कसा मिळवावा, यावर त्यांनी पुस्तकच लिहिले! टोमण्यांवर चालणारी शिस्त लाज असणाऱ्यांपुरतीच असते, हे त्या दिवशी उघड झाले.

१०/१२
मग कठोर उपाय आले. मजकूर मागे घेण्यासाठी लेखकाला ‘कॅन्सल’ संदेश पाठवता येई. स्वयंसेवक त्याच संदेशांनी परक्यांचा स्पॅम पुसू लागले. पण संदेश खरोखर लेखकाचाच आहे का, याची खातरी करणारी पक्की व्यवस्था नव्हती. म्हणून तेच हत्यार खोडसाळांच्याही हाती गेले. १९९७च्या ऑगस्टमध्ये यूयूनेट या बड्या सेवादात्यावर सामूहिक बहिष्कार पडला, त्याने स्पॅमला आळा घातल्यावर तो काही दिवसांतच उठला.

११/१२
‘नवखे आले आणि वस्ती बुडाली’ हा जुन्या मंडळींचा निष्कर्ष मला अर्धवट वाटतो. नवखे तर पहिल्यापासून येत होते आणि त्यांतूनच पुढचे जाणते घडत होते. बदलला तो वाढीचा वेग. शिकवणाऱ्यांपेक्षा येणारे अधिक झाले. शिवाय ज्याच्याकडे तक्रार करावी तो ओळखीचा व्यवस्थापकही उरला नाही. २० मे २०१० रोजी ड्यूक विद्यापीठाने, जिथे हे सारे सुरू झाले तिथेच, आपला युझनेट सर्व्हर बंद केला.

१२/१२
२०१६ मध्ये आलेल्या मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित सेवांत आज पुन्हा तीच रचना दिसते. अनेक सर्व्हर, प्रत्येकाचे नियम वेगळे, न पटल्यास शेजाऱ्याशी संबंध तोडण्याची मुभा. अशा वस्तीचे आरोग्य सदस्यसंख्येवरून ठरवू नये. आज आलेल्या माणसाला इथली रीत सांगायला कोणी मोकळे आहे का, हे आधी पाहावे. तुम्ही एखाद्या गटाचे कारभारी असाल, तर तुमचा सप्टेंबर कधी सुरू झाला? खाली जरूर लिहा.