पाचव्या वाट्याचं रोम

१९२० साली मेरी पिकफोर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे हॉलिवूडचं तेव्हाचं सर्वांत गाजलेलं जोडपं मधुचंद्रासाठी युरोपला गेलं आणि रोममध्ये आल्फ्रेदो दी लेलिओ यांच्या खानावळीत जेवलं. पुढ्यात आला तो अंडी घालून मळलेल्या पिठाच्या रुंद पट्ट्यांचा पास्ता, त्यात सढळ हाताने लोणी आणि किसलेलं पार्मेजान चीज. बाळंतपणात अशक्त झालेल्या बायकोसाठी आल्फ्रेदोंनी तो पहिल्यांदा केला, असं त्यांच्या घरात सांगतात. पाहुण्यांना तो इतका आवडला की १९२७ मध्ये त्यांच्याकडून आल्फ्रेदोंना सोन्याचा काटा-चमचा भेट मिळाला, आणि ‘फेत्तुचीने आल्फ्रेदो’ हे नाव अमेरिकाभर झालं. रोमकर मात्र लोणी-चीजचा पास्ता खातात तो बहुधा पोट बिघडल्यावर, घरच्या घरी, आणि आल्फ्रेदोचं नाव न घेता. पाहुण्या जोडप्याने डोक्यावर घेतलेला पदार्थ जगाचा झाला, शहराचा झाला नाही. मग आज चार दिवसांच्या सुटीवर रोमला जाणारी जोडपी (त्यांत पुण्या-मुंबईचीही आली) ज्या ‘अस्सल रोमन’ जेवणाच्या शोधात गल्ल्या पालथ्या घालतात, ते शहराचं कसं झालं? माझं म्हणणं असं की ते सीझरच्या पंगतीतून आलेलं नाही आणि पोपच्या मुदपाकखान्यातूनही नाही. त्याला आजचं रूप आलं ते मुख्यतः १८७० नंतर, ज्यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं त्यांच्या चुलीवर.

प्राचीन रोमचा दावा लवकर निकालात निघतो. तिथल्या स्वयंपाकाचा जीव आंबवलेल्या माशांच्या रसात होता. टोमॅटो अमेरिकेतला, तो नव्हताच, आणि आज आपण ज्याला पास्ता म्हणतो तोही नव्हता. पोपच्या रोमचा दावा अधिक वजनदार आहे, कारण त्याचा लेखी पुरावा आहे. पोप पायस पाचवा याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ स्काप्पीने १५७० साली पाकशास्त्रावर हजाराहून जास्त कृतींचा प्रचंड ग्रंथ छापला. तो चाळला तर पास्त्यावर साखर आणि दालचिनी दिसते, मांसाला गोड-आंबट रस दिसतो, मसाल्यांची श्रीमंती दिसते. आज रोमच्या कुठल्याही साध्या खानावळीत यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही. सर्वांत उत्तम नोंदवलेलं, सर्वांत पैसेवाल्या आश्रयदात्यांचं जेवण ग्रंथात राहिलं आणि ज्याची कृती कुणी लिहून ठेवली नाही ते टिकलं. हा योगायोग नव्हे. दरबारी स्वयंपाक दरबाराच्या खर्चावर जगतो; दरबाराची चाल बदलली की बल्लवाचार्यही बदलतो. मजुराला बदलायला दुसरं काही हाताशीच नसतं.

१८७० साली इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या, पोपची लौकिक सत्ता संपली आणि पुढच्या वर्षी शहर नव्या राष्ट्राची राजधानी झालं. तेव्हा वस्ती होती दोन लाखांच्या थोडी वर. १९०१ पर्यंत ती साडेचार लाखांपलीकडे गेली. सरकारी कचेऱ्या, इमारती आणि त्या बांधायला आलेले आसपासच्या डोंगराळ मुलखातले गरीब लोक, या सगळ्यांना मटण-मांस लागणार होतं. पियाझा देल पोपोलो या चौकाजवळचा जुना कत्तलखाना शोभेनासा झाला, आणि १८८८ ते १८९१ या काळात वास्तुकार जोआक्कीनो एर्सोक याच्या आराखड्यावरून तेस्ताच्चो या भागात नवा अवाढव्य कत्तलखाना उभा राहिला. जागा मोठी अर्थपूर्ण होती. शेजारीच मोंते तेस्ताच्चो ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी, आणि ती सगळीच्या सगळी फुटक्या रांजणांची. पहिल्या ते तिसऱ्या शतकात मुख्यतः आजच्या दक्षिण स्पेनमधून ऑलिव्ह तेल आणणारे हे रांजण तेल मुरल्यावर पुन्हा वापरता येत नसत, म्हणून फोडून रचले गेले. अभ्यासकांचा अंदाज पाच कोटींच्या घरात जातो. खापरांच्या फटींतून वारा खेळतो आणि आत गारवा राहतो, म्हणून शतकानुशतकं तिच्या पोटात दारूची तळघरं खोदलेली होती. म्हणजे एका बाजूला थंड वाइन, दुसऱ्या बाजूला कत्तलखाना, आणि मध्ये कामगारांच्या दाटीवाटीच्या चाळी. जनावराचे पुढचे दोन आणि मागचे दोन असे चार वाटे शहरातल्या पैसेवाल्यांकडे जात. उरे तो पाचवा वाटा, क्विंतो क्वार्तो: वजडी, आतडी, काळीज, फुप्फुस, जीभ, शेपूट. कातडी सोलणाऱ्यांना मजुरीचा काही भाग याच रूपात मिळे आणि तो घेऊन ते समोरच्या गुत्त्यांत शिजवायला देत. त्यांतल्या केक्कीनो या खानावळीच्या नावातच १८८७ हे साल आहे. तास न् तास मंद आचेवर शिजवलेली शेपूट, सेलरी आणि टोमॅटोत बुडालेली. पुदिना आणि पेकोरीनो चीज घातलेली वजडी. दूधपित्या वासराच्या आतड्याची पायाता, जिच्यात प्यालेलं दूध शिजताना दह्यासारखं घट्ट होतं. आठवड्यालाही त्यातूनच शिस्त लागली: गुरुवारी पोटभरीची न्योक्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, कारण शुक्रवारी मांसवर्ज्य मासळी, आणि शनिवारी वजडी, कारण रविवारच्या मांसासाठी कत्तल झालेली असे आणि चार वाटे इतरांच्या ताटात जाणार असत.

यावर जाणकार हरकत घेतील की शेपटीच्या कालवणाला ज्यांचं नाव आहे ते वाच्चिनारी, म्हणजे गुरं सोलणारे, तेस्ताच्चोच्या कितीतरी आधी तीबर नदीकाठच्या रेगोला भागात राहत होते. आणि ज्यू वस्तीतली तळलेली आर्टिचोक तर आणखी जुनी. हरकत खरी आहे. १५५५ साली पोप पॉल चौथा याने फर्मान काढून ज्यूंना भिंतीआड कोंडलं, आणि ती भिंत १८४८ पर्यंत उभी होती. शेजारच्या मासळीबाजारातला कमी भावाचा मासा, भाजी आणि तेल एवढ्यावर तिथला स्वयंपाक बेतलेला. पण हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. फक्त साल मागे सरकतं. नियम तोच राहतो, की शहराने ज्यांना कडेला ढकललं त्यांच्या हातचं शहराला अखेर आवडू लागलं. १८७० ने केलं ते इतकंच की कडेचे हे वेगवेगळे स्वयंपाक एका फुगत्या राजधानीत एकमेकांशेजारी आले. शेपटीच्या कालवणात काही ठिकाणी बेदाणे, चिलगोजे आणि चिमूटभर कोकोही घालतात; दरबारी गोड-आंबटाची ती शेवटची खूण असावी, असं मला वाटतं.

पिण्याची गोष्ट निराळी, तिथे जुनेपणाचा दावा खरा ठरतो. रोमचा गुत्ता, म्हणजे ओस्तेरीया, मुळात वाइनचा; खाणं लोक फडक्यात बांधून घरून आणत. फ्रास्काती आणि आसपासच्या टेकड्यांवरची पांढरी वाइन रात्री गाड्यांतून शहरात येई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोप सिक्स्टस पाचवा याने पारदर्शक काचेची मापं लागू केली ती गुत्तेवाल्यांच्या लबाडीला चाप बसावा म्हणून. वेशीबाहेरच्या गुत्त्यांत जकात चुकत असल्याने वाइन स्वस्त पडे, म्हणून सुटीच्या दिवशी तिकडे झुंबड. आज जोडपी अर्धा लिटर ‘घरची’ वाइन मागवतात ती बरीचशी या व्यवहाराची वारस आहे. त्या टेबलावर बसून चार पदार्थांचं पूर्ण जेवण मागवणं मात्र नवं.

नवेपणाचा सर्वांत जोरदार मुद्दा पार्मा विद्यापीठातले आर्थिक इतिहासकार अल्बेर्तो ग्रांदी मांडतात. इटलीची पाकपरंपरा बरीचशी युद्धोत्तर काळात रचलेली कथा आहे, असं ते म्हणतात, आणि अंडी, चीज आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचा कार्बोनारा पास्ता हा त्यांचा हुकमी एक्का. या पदार्थाचा लेखी पुरावा दुसऱ्या महायुद्धाआधी सापडत नाही. १९३० च्या आसपास आलेल्या आदा बोनी यांच्या रोमन पाकपुस्तकातही तो नाही. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य रोममध्ये आलं, त्यांच्या शिध्यात बेकन आणि अंड्याची भुकटी होती, यावरून लोक तर्क बांधतात. १९५४ साली एका इटालियन मासिकाने छापलेल्या कृतीत चक्क लसूण आणि स्विस ग्रुयेर चीज होतं, जे आज कुणी घातलं तर रोममध्ये भांडण होईल. ग्रांदींचा पुरावा मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. पदार्थ तरुण असणं म्हणजे खोटा असणं नव्हे. आपल्या एकादशीच्या साबुदाणा खिचडीत साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हे सगळं अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेलं. म्हणून तिचा उपवास कुणी मोडीत काढत नाही. कार्बोनाराला अंडी-बेकन कुणीही दिलं असो, तिला पेकोरीनो आणि डुकराच्या गालफडाच्या खारवलेल्या मांसाकडे वळवलं ते रोमकरांनी, कारण याच दोन गोष्टींचा ग्रीचा हा पास्ता त्यांच्या अंगवळणी पडलेला होता.

राहतो खरा अवघड आक्षेप. कत्तलखाना १९७५ मध्ये बंद झाला; त्या इमारतींत आता विद्यापीठाचा वास्तुकला विभाग आणि कलादालनं आहेत, आणि तेस्ताच्चोतली घरं सोलणाऱ्या मजुराला परवडणारी नाहीत. मग पाचवा वाटा खाणारं पाहुणं जोडपं आणि सोन्याचा काटा देणारं जोडपं यांत फरक काय उरला? फरक उरला आहे, पण तो टिकेलच याची हमी नाही. त्याची कसोटी लागली २००१ मध्ये. गुरांच्या मेंदूरोगाच्या भीतीने युरोपीय संघाने गाईगुरांच्या आतड्यांवर बंदी घातली आणि पायाता बेकायदा झाली. पर्यटकांची सोय एवढाच हेतू असता तर ती यादीतून मुकाट्याने निघून गेली असती. बहुतेक पर्यटक तिचं वर्णन ऐकूनच दुसरं काही मागवतात. पण रोमच्या स्वयंपाक्यांनी कोकराच्या आतड्यांवर काम भागवलं आणि १४ वर्षं वाट पाहिली. २०१५ मध्ये बंदी उठली तेव्हा वासराची पायाता परत आली, ती मागणाऱ्या स्थानिकांसाठीच. उलट दिशेची चाल मला जास्त खटकते. २०२० मध्ये युरोपीय संघाने आमात्रिचाना या पास्त्याच्या सॉसच्या पारंपरिक कृतीला संरक्षित नाव दिलं. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या आमात्रीचे गावासाठी ते न्याय्य असेल; पण या सॉसमध्ये टोमॅटो शिरला तोच मुळी उशिरा, आणि तो शिरताना कुणी परवानगी विचारली नव्हती. तेव्हा एखादी समिती बसली असती, तर आज त्या सॉसमध्ये टोमॅटोच नसता.