बिडाच्या सिलिंडर हेडला जाणारे तडे

जुन्या मोटारींच्या इंजिनाचे सिलिंडर हेड बहुधा बिडाचे असे. बीड दाब उत्तम सोसते. मात्र ते ठिसूळ असल्याने ताण पडताच तडकते. अॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचेच पाहा. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील या इंजिनात दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचा धूर एकाच मार्गाने बाहेर पडतो. परिणामी हेडचा मध्यभाग अधिक तापतो आणि तेथील एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपाशी तडा जाण्याचा संभव असतो. तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो, भोवतालचे कमी तापलेले बीड त्याला अडवते. पुढे निवताना तेथे ताण निर्माण होतो. गाळाने चोंदलेला रेडिएटर आणि तापलेल्या इंजिनात ओतलेले थंड पाणी हा धोका वाढवतात.

रेडिएटरमधील पाणी वारंवार घटणे, त्यात बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघणे, ऑइल दुधाळ होणे ही लक्षणे होत. गॅस्केट गेल्यावरही हेच घडते. म्हणून केवळ गॅस्केट बदलून न थांबता उतरवलेल्या हेडची दाबचाचणी करून घ्यावी. पुरेसे न तापवता केलेले वेल्डिंग नवा तडा ओढवते. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४मध्ये थांबले असल्याने मूळ हेड जपणेच शहाणपणाचे.