सर्पगंधा आणि खाजकुहिली

पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत युरोपात एक विलक्षण साथ उद्भवली. १९१७ साली व्हिएन्ना येथील फॉन इकोनोमो या वैद्यकवेत्त्याने तिचे वर्णन केले. रोगी अनावर निद्रेच्या आहारी जाई. कित्येक त्या निद्रेतच दगावले. जे बचावले त्यांतील पुष्कळांची शरीरे पुढे काही वर्षांनी हळूहळू थिजत गेली. डोळे उघडे, पण हालचाल नाही. काहींचा हात कोणी उचलून धरला तर तो तसाच अधांतरी राहावयाचा. न्यूयॉर्कच्या बेथ अब्राहम रुग्णालयात असे रोगी कित्येक दशके पडून होते. १९६९ साली डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांना एल-डोपा हे औषध दिले, आणि दगडासारखे बसलेले हे स्त्रीपुरुष उठून चालूबोलू लागले. 'अवेकनिंग्ज' या १९९० च्या बोलपटाने ही हकीकत घरोघर पोहोचविली.

या हकीकतीतील एक धागा मुंबईतून जातो, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. सर्पगंधेच्या मुळीने उन्माद व वाढलेला रक्तदाब शमतो, असे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिले होते. परंतु पाश्चात्त्यांचे लक्ष वेधले ते मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांच्या १९४९ च्या निबंधाने. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनच्या कार्लसन यांनी १९५७ साली रिसर्पिन सशांना टोचले, तेव्हा ते निश्चेष्ट होऊन पडले. मग डोपा टोचताच थोड्याच वेळात ते ताजेतवाने झाले! मेंदूतील डोपामिनचा साठा आटला की देह थिजतो, हे या मार्गानेच उमगले. कंपवाताच्या चिकित्सेचा पायाही त्यातूनच घातला गेला.

आता खाजकुहिलीकडे वळू. अजिंठ्याच्या डोंगरांलगत वसलेल्या धाडसारख्या गावी हा वेल कोणास शिकवावा लागत नाही. शेंगेवरील लव अंगास लागली की जन्मभर ओळख राहते. याच शेंगेच्या बियांतून मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली एल-डोपा वेगळे काढले होते. त्याहीपूर्वी, १९१३ साली, युरोपात ते बाकल्यात सापडले होते. म्हणजे सॅक्स यांचे रोगी खुर्चीत खिळून बसले असता औषध बाटलीत तयारच होते. ते कशावर द्यावे, एवढेच कोणास माहीत नव्हते. आमच्या पूर्वजांस हे सारे अवगत होते, असे म्हणण्याचा मोह येथे अनेकांना होतो. कपिकच्छूचे बलवर्धक गुण त्यांनी जाणले, हे खरे. डोपामिन जाणले नव्हते.

पुढे मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी या बियांचा कंपवातावरील अनुभव १९७८ साली प्रसिद्ध केला; १९९५ साली ६० रोग्यांवरील भारतीय चाचणीचा वृत्तांतही आला. बियांतील द्रव्याचे प्रमाण मात्र कमीअधिक असते, म्हणून घरगुती प्रयोग धोक्याचा. आणि मात्रेचा प्रश्न किती अवघड, हे बेथ अब्राहममध्ये १९६९ सालीच दिसले. काही आठवड्यांतच अनेक रोग्यांना आचके, अनावर चाळे व उन्माद यांनी ग्रासले. मात्रा कमी करावी तर ते पुन्हा थिजत. कित्येकांस त्या उन्हाळ्यापुरतीच जाग आली होती.