डाव्हिडॉव्ह, डेनिस व्हसील्येव्हिच
(२७ जुलै १७८४–४ मे १८३९). रशियन सेनानी व कवी. जन्म मॉस्को येथे, सरदार घराण्यात. १८०१ मध्ये तो राजरक्षक घोडदळात दाखल झाला. परंतु राजसत्तेवर रोख असलेल्या उपरोधपर पद्यकथांमुळे १८०४ मध्ये त्याची हुसार (हलक्या घोडदळाच्या) पलटणीत बदली करण्यात आली. पुढे तो सेनापती बग्रात्यॉन याचा साहाय्यक झाला.

१८१२ मध्ये नेपोलियनने रशियावर स्वारी केली, तेव्हा शत्रूच्या लांबलेल्या रसदमार्गावर छापे घालण्याची योजना त्याने बग्रात्यॉनपुढे मांडली. त्यासाठी त्याला अवघे ५० हुसार व ८० कझाक स्वार मिळाले. हुसारांचे गणवेश पाहून रशियन शेतकरी त्यांना फ्रेंच समजत व त्यांच्यावरच हल्ले करीत. तेव्हा त्याने शेतकऱ्याचा अंगरखा चढविला, दाढी वाढविली आणि छातीवर संत निकोलसची प्रतिमा लावली. या युद्धपद्धतीची मीमांसा करणारा त्याचा ग्रंथ १८२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच्या कवितेतील मद्य, मैत्री व तलवार यांत रमणारा बेफिकीर हुसार हे बव्हंशी वाङ्मयीन सोंगच होय. युद्धशास्त्राचा असा अभ्यासक त्यात दिसत नाही. तथापि छावणीतील रांगडी बोली त्याने काव्यात आणली. स्वतंत्र वाट चोखाळण्याची प्रेरणा त्याच्याकडून मिळाल्याचे पुश्किनने मान्य केले आहे. टॉलस्टॉयच्या युद्ध आणि शांतीमधील देनीसॉव्ह ही व्यक्तिरेखा त्याच्यावरूनच घडली. काव्यसंग्रह मात्र १८३२ मध्ये निघाला.

बग्रात्यॉनचे अवशेष बोरोडिनोच्या रणभूमीवर हलवावेत, यासाठी त्याने उत्तरायुष्यात खटपट केली. १८३९ मध्ये ते हलविण्यात आले. त्यापूर्वीच व्हेर्खन्याया माझा येथे तो निधन पावला होता.