गव्हर्नरच्या नावाचा सातभाई

आजचा भाग पक्ष्यांवर आहे, पण सुरुवात मात्र मंडईपासून करायची आहे.

१८८६ साली मंडई सुरू झाली, तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. लॉर्ड रे हे तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर. पुढे पुणेकरांनी ते नाव उतरवलं आणि महात्मा फुल्यांचं दिलं. आज भाजी घेणाऱ्या कुणाला रेसाहेब विचारा, ओळख लागणार नाही. पण त्यांच्याही साठेक वर्षं आधीच्या एका गव्हर्नरचं नाव आपल्या आसपास अजून उडतंय, अक्षरशः! ते आहे एका सातभाईच्या अंगावर.

झालं असं. पेशवाई बुडाल्यावर विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी दख्खनची माहिती गोळा करायला नेमला गेला. पिकं, माणसं, पाऊस, सगळं तो मोजायचा आणि सोबत पक्षीही जमवायचा. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ मध्ये लंडनला छापली गेली. त्यात त्याने एका करड्या सातभाईला जॉन माल्कमचं नाव दिलं. माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचे गव्हर्नर होते. शास्त्रीय नावात ते ‘माल्कमी’ आजही तसंच आहे. आपल्या गावाकडच्या लोकांनी मात्र त्याला कधी साहेब केलं नाही. टोळीने फिरतात, कलकलाट करतात, म्हणून सातभाई. बास.

आता, साइक्सचा पक्षीनिरीक्षणाचा मार्ग म्हणजे बंदूक. तेव्हा हातात कॅमेरा नव्हता. पक्षी ओळखायचा तर तो पाडायचा, मोजायचा, कातडं जपून ठेवायचं. आज आपण सहाशे मिलिमीटरची लेन्स लावतो आणि पक्ष्याचं एक पीसही न हलवता घरी येतो. ही प्रगतीच आहे, वाद नाही. पण एक गोष्ट मला खटकते.

सुट्टीच्या दिवशी पुण्यातून पहाटे निघालेल्या बहुतेक गाड्या सोलापूर रस्त्याने थेट भिगवणला जातात. रोहित बघायचे, होडीतून फोटो काढायचे, मासे खायचे, परत. मीही हेच करत आलोय. पण भिगवणचं ते पाणी उजनी धरणाचं, म्हणजे १९८० च्या आसपासचं. साइक्सच्या वेळी तिथे होती भीमा नदी, काठची गावं आणि माळ. त्याने दख्खनमधून जगाला पहिल्यांदा ओळख करून दिलेले पक्षी बघा: हा सातभाई, खडकाळ माळावरचा लावा, त्याच्याच नावाचा तुरेवाला चंडोल. यातले लावा आणि चंडोल तर भारताबाहेर कुठेच नाहीत. तिघेही उघड्या, कोरड्या जमिनीचे. भिगवणला जाताना ज्या माळाकडे आपण गाडीच्या काचेतून बघतसुद्धा नाही, तिथले.

आणि त्या माळाला आपण काय म्हणतो? पडीक. एकदा पडीक म्हटलं की कुणी तिथे प्लॉट पाडतं, कुणी खाणीला देतं, कुणी पुण्य म्हणून झाडं लावतं. गवतात जमिनीवर अंडी घालणाऱ्या चंडोलाला त्या झाडांचा काय उपयोग? सोलापूरच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. पाटीवर नाव आहे, माळढोक दिसणं जवळपास बंद झालंय. माझ्या मते साइक्सच्या बंदुकीने जेवढे पक्षी मारले नसतील, तेवढे आपल्या या एका शब्दाने मारले.

म्हणून एक सुचवतो. पुढच्या खेपेला चौफुल्याला उजवीकडे वळा. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. आकाराने लहान, जेमतेम पाच चौरस किलोमीटर, चिंकारांसाठी राखलेलं. गाडी रस्त्यावरच ठेवा, गवतात शिरू नका आणि अर्धा तास गप्प उभे राहा. फोटो भिगवणइतका गुलाबी येणार नाही. पण बाभळीवरून करडी टोळी कलकलत गेली, की ओळखा, माल्कमसाहेब गेले!

भेटू पुढच्या भागात.