गावाबाहेरचे लग्न

डिसेंबरच्या थंडीत कोपनहेगन किंवा न्यूयॉर्कच्या नगरकचेरीत दोघांनीच जायचे, एक-दोन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या, बाहेर कुठेतरी गरम काही खायचे आणि मग घरी फोन लावायचा. अशा लग्नाची कल्पना आता मालवण-वेंगुर्ल्याच्या घरांतही परकी राहिलेली नाही. तिच्यावरचा पहिला अभिप्राय ठरलेला असतो: हे पैसेवाल्यांचे नवे वेड आहे आणि ते बाहेरून आले आहे. मला हे निदान इतिहासाला सोडून वाटते. दक्षिण कोकणात लहान, खासगी लग्न पूर्वीपासून होते. गावात राहून, मानाने ते करण्याची सोय मात्र नव्हती. म्हणून ज्याला ते हवे असे तो बाहेर पडला, आधी पुणे-मुंबईला, नंतर दिल्लीला आणि आता समुद्रापार. गावाची पकड जितकी लांब पोहोचत गेली तितके हे अंतर वाढले. हे अंतर कोणी कशासाठी वापरले हे तपासल्याशिवाय अशा लग्नाची स्तुती करता येणार नाही आणि निंदाही.

इथले लग्न दोघांचे कधीच नव्हते, दोन घरांचेही नव्हते. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवळाच्या आणि मानपानाच्या व्यवस्थेत, देवळाचे मानकरी ठरलेले, गाऱ्हाणे कोणी घालायचे ते ठरलेले, नारळ-विड्याचा मान कोणाला आधी द्यायचा तेही ठरलेले. भावकीत सुतक असेल तर तारीख पुढे जाई, जुना तंटा असेल तर तो मांडवात उभा राही. मांडव घालणे, पाणी भरणे, पंगती वाढणे ही सगळी कामे वाडीची असत. आज आपण तुमच्याकडे राबायचे आणि उद्या तुम्ही आमच्याकडे, हा उसनवारीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चाले. दिनदर्शिकाही गावाची. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त उघडत, पण थंडीच्या रात्री मुख्यतः जत्रांच्या आणि दशावताराच्या. पौषात लग्न टाळायचे हा रिवाज जुना, आणि लग्नांची खरी गर्दी उन्हाळ्यात, मुंबईचा चाकरमानी सुट्टी काढून घरी आल्यावर. त्यामुळे ऐन थंडीत, कधीकधी पौषातही, परमुलखात लग्न करणारे जोडपे केवळ जागा बदलत नाही. कोणी येऊ शकणार नाही आणि कोणी यावे अशी अपेक्षाही नाही, असा काळ ते निवडते. या निवडीला इथे निश्चित अर्थ आहे.

लहान लग्नाचा जुना पुरावा पाटाच्या, म्हणजे बाईच्या पुनर्विवाहाच्या चालीत मिळतो. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जाती सोडल्या तर महाराष्ट्रातील बहुतेक जातींत विधवेचा आणि सोडलेल्या बाईचा पाट लागत असे. त्याला मोहतूरही म्हणत. आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या जातीरिवाजांचा जो संग्रह केला आणि १८२७ मध्ये छापला, त्यात या चालीची नोंद आहे. पाट रात्री लागे. वाजंत्री नाही, मिरवणूक नाही, सवाशिणींची गर्दी नाही. मोजकी माणसे जमत आणि थोडक्या विधींत काम उरके. म्हणजे खासगी लग्नाची रीत समाजाला चांगली माहीत होती. पण ती मानाची नव्हती. पहिल्या लग्नाला दिवस आणि दुसऱ्याला रात्र, ही वाटणी गावाने केली होती आणि तिचा भार एकट्या बाईवर होता, कारण बिजवराचे लग्न भर मांडवात वाजतगाजत होई. आजच्या जोडप्याची शांतता त्यांनी स्वतः मागितलेली आहे, पाटाची शांतता लादलेली होती. हा फरक पुढच्या सगळ्या विचाराच्या मुळाशी आहे.

ज्या जातींत पाटही नव्हता तिथे गाव सोडण्यावाचून इलाज नव्हता. १८५६ च्या कायद्याने विधवेचे लग्न कायदेशीर ठरले, तरी कायदा मांडवापर्यंत पोहोचला नाही. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी लग्न केले ते पुण्यात. गोदूबाई देवरुखच्या, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत असलेल्या. दोन्ही माणसे कोकणची, पण कोकणातल्या कोणत्याही अंगणात हे लग्न लागू शकले नसते. ते लागल्यावर मुरुडने ठराव करून बहिष्कार घातला आणि पुढे जोडपे गावी गेले तेव्हा आईच्या घरात राहणेही कठीण झाले. पुण्याने लग्न होऊ दिले, पण त्याच्या परिणामांपासून वाचवले नाही. गावाबाहेर लग्न करणाऱ्याला परतीच्या वाटेवर काय भोगावे लागते याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मला माहीत नाही. आपल्याकडे कर्व्यांच्या कार्याचा गौरव होतो तेव्हा या परतीच्या वाटेबद्दल फार कमी बोलले जाते.

दुसरी वाट कायद्याने काढली. १८७२ चा तिसरा कायदा नोंदणी विवाहाचा. तीन साक्षीदार, नोंदणी अधिकारी आणि परस्परांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द, एवढ्यावर लग्न पुरे. पण त्यासाठी दोघांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे, आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण नसतील तर बापाची किंवा पालकाची संमती लागे. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय हिंदू लग्नांना मान्यता देणारे विधेयक आणले तेव्हा मोठे वादळ झाले. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानापुरता तसा कायदा १९१९ मध्ये करून टाकला. १९२३ च्या दुरुस्तीनंतर हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना धर्म न नाकारता नोंदणीने लग्न करता येऊ लागले, पण किंमत उरलीच. असे लग्न करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून कायद्याने तुटलेला समजला जाई, आणि त्याचा बाप जणू मुलगाच नसल्याप्रमाणे दत्तक घेऊ शके. गावाचा बहिष्कार कायद्याच्या भाषेत उतरावा तशी ही तरतूद होती. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानेही कुटुंबापासून तुटण्याचे कलम ठेवले. दोघेही हिंदू असतील तर ते लागू नाही, असे १९७६ मध्ये ठरले.

१८७२ च्या कायद्याखाली झालेली दोन लग्ने आपल्या विषयाला विशेष जवळची आहेत. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, हार्डिंज अव्हेन्यूवरच्या सरकारी निवासस्थानी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांनी नोंदणी विवाह केला. कबीर कुटुंब राजापूर तालुक्यातल्या डोर्ले गावचे, सारस्वत. आंबेडकरांचे घराणे मंडणगडजवळच्या आंबडव्याचे. एकाच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली ही दोन माणसे दिल्लीत, थोड्या लोकांसमोर, अधिकाऱ्यापुढे सह्या करून विवाहबद्ध झाली. त्याच्या सहाच दिवस आधी, ९ एप्रिलला, हिंदू कोड बिल प्रवर समितीकडे गेले होते. या बिलातून स्त्रीच्या संमतीला आणि मालमत्तेच्या हक्काला कायद्यात जागा देऊ पाहणाऱ्या कायदेमंत्र्याने स्वतःच्या लग्नासाठीही जातीच्या मांडवाऐवजी नोंदवही निवडली.

दुसरे लग्न उलट दिशेचे. सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांचा नोंदणी विवाह १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत झाला, वधूच्या गावी. ‘आहे मनोहर तरी’ मध्ये त्यांनी त्याबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. साधे, जवळच्या माणसांतले, जातीच्या चौकटीबाहेरचे लग्न कोकणच्या भूमीवर, आईबापांच्या डोळ्यांदेखत होऊ शकले. तेव्हा समुद्रापार जाणे ही काही लहान लग्नाची अट नाही. घराने हात पुढे केला तर जिल्ह्याचे ठिकाणही पुरते. ठाकूरांचे घर अपवाद ठरले याचे कारण कायदा नव्हे, त्या घरातली माणसे.

मग मुंबई का पुरली नाही? कारण मालवणी माणसासाठी मुंबई कधी अनोळखी शहर नव्हते. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले इथून बोटीने गेलेली माणसे गिरगाव, लालबाग, परळच्या गावकीच्या खोल्यांत उतरली. गावाच्या नावाची मंडळे निघाली, त्यांच्या वर्गण्या, त्यांचे वाद, त्यांची लग्ने जुळवणारी माणसे. बंदराची बातमी चाळीत आणि चाळीची बातमी पुढच्या बोटीने बंदरात. परक्या शहरात माणसाला उभे करणारी ही व्यवस्था मोठ्या मोलाची होती, गिरणी बंद पडल्यावर तिनेच अनेकांना सांभाळले. पण गावापासून काही लपवायचे असेल तर ती निरुपयोगी होती. कायद्यानेही या कामी गावालाच मदत केली. १९५४ च्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस कचेरीच्या दर्शनी भागी लावावी लागते, आणि दोघांपैकी कोणी दुसऱ्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. मुंबईत अर्ज करणाऱ्या देवगडच्या मुलीचे नाव महिनाभर तिच्याच जिल्ह्यात भिंतीवर. १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली भारतीय वकिलातीत लग्न करायचे तरी नोटीस भारतातही प्रसिद्ध करावी लागते. न्यूयॉर्क शहराच्या कचेरीत मात्र ३५ डॉलरचा परवाना, चोवीस तासांची वाट आणि एक साक्षीदार एवढे पुरते. तिथे राहत असण्याची अट नाही. परदेशाची ओढ बर्फाच्या छायाचित्रांमुळे असेलही, पण या चोवीस तासांचा आणि त्या तीस दिवसांचा फरक त्यात धरलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये हेच घडले होते. १७५४ मध्ये पालकांच्या संमतीचा कडक कायदा लागू झाल्यावर जोडपी स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला धावू लागली, आणि १८५६ मध्ये एकवीस दिवसांच्या वास्तव्याची अट घालून ती वाट अरुंद केली गेली.

गावाबाहेरच्या लग्नावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की सीमा ओलांडून लग्न करणे अन्यायासाठीही वापरले गेले. ते खरे आहे आणि ते झाकून हा इतिहास सांगता येणार नाही. मालवण १८१२ पासून इंग्रजी अमलात, बाजूला सावंतवाडी संस्थान, तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीज गोवा: एका दिवसाच्या वाटेवर तीन राज्यांचे तीन कायदे होते. १ एप्रिल १९३० पासून शारदा कायद्याने चौदा वर्षांखालील मुलीचे आणि अठरा वर्षांखालील मुलाचे लग्न लावणे गुन्हा ठरवले, पण तो ब्रिटिश हद्दीपुरता. हद्दीबाहेर जाऊन लग्न लावण्याची पळवाट इतकी उघड होती की १९३८ च्या दुरुस्तीने ब्रिटिश प्रजाजनांना ते हद्दीबाहेर असतानाही कायद्याखाली आणले. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये पहिली बायको असताना हिंदू पुरुषाने दुसरे लग्न करण्याला बंदी केली तेव्हा त्या कायद्यातही प्रांताबाहेर लावलेले लग्न, पक्षांपैकी कोणी इथला रहिवासी असेल तर, रद्दबातल ठरेल असे स्पष्ट लिहावे लागले. तेव्हा दूर जाऊन केलेले लग्न आपोआप पुरोगामी होत नाही. पण या दोन प्रकारांत लपवले जाणारे वेगळे आहे. कर्व्यांनी किंवा आंबेडकरांनी अंतर घेतले ते दोघांच्या संमतीवर तिसऱ्याचा हात पडू नये म्हणून. बालविवाह लावणाऱ्याने आणि दुसरी बायको करणाऱ्याने अंतर घेतले ते एका बाईची संमती विचारायची नव्हती म्हणून.

दुसरा आक्षेप साक्षीचा. गाव साक्षी असले की नवऱ्याला बायको टाकता येत नाही, चार माणसे विचारतात, परदेशात चिठ्ठीवर झालेल्या लग्नाला कोण विचारणार? परदेशी नवऱ्यांनी सोडून दिलेल्या मुलींची दुःखे खरी आहेत आणि या काळजीला मी हलके मानत नाही. पण गावाची साक्ष मुलीच्या बाजूने उभी राहिली याचा पुरावा मला कमी दिसतो. १९४६ पर्यंत पहिल्या लग्नाच्या पंगतीला बसलेले गाव दुसऱ्या लग्नाच्या पंगतीलाही बसत होते. पहिली बायको त्याच गावात, त्याच मांडवाच्या कडेला उभी असे. तिला न्याय मिळाला तो कायद्यातून, आणि कायद्याला पंगत नको असते, तारीख, वय आणि सही लागते. पोर्तुगीज प्रजासत्ताकाने २५ डिसेंबर १९१० च्या हुकुमांनी लग्नाला दिवाणी करार मानले, त्यामुळे खाडीपलीकडे गोव्यात नोंदवहीचे महत्त्व लोकांच्या अंगवळणी फार आधी पडले. आपल्याकडे पाचशे माणसांचे लग्न होते आणि नोंद राहून जाते. उरते ते घरच्यांचे दुःख, आणि ते खरे असते. आईला मुलीची ओटी भरायची असते, वाडीला आपली उसनवारी फेडायची असते. लग्नानंतर घरी येऊन जेवण घालणारी जोडपी त्यातले बरेचसे फेडतात, सगळे नाही.

गाव बदलतच नाही असेही नाही. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै यांच्या पत्नी क्रिस्टल ऑस्ट्रियाच्या, तरीही राजापूर मतदारसंघाने त्यांना १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये निवडून दिले आणि आपल्यातलेच मानले. मुरुडच्या ठरावाला तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. मोठ्या माणसाला जे माफ होते ते मच्छीमाराच्या किंवा बागायतदाराच्या मुलीलाही मिळावे, यासाठी आज करण्यासारखी एक गोष्ट सरकारच्या हातात आहे: भिंतीवरची नोटीस काढून टाकणे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ती जोडप्याच्या इच्छेवर सोडली. कायद्याच्या पुस्तकात मात्र ती अजून आहे, आणि अर्जदाराचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा असेल तर प्रत अजून त्याच्या जिल्ह्याला पाठवायची असते.